गुळाची ढेप आणि साखरेचें पोतें

धुळ्याकडील उन्हाळा कडक असतो. वैशाखाच्या दुपारीं खेड्यावरून आलेला पाहुणा ओट्यावर टेकला, कीं त्याच्यापुढें प्रथम गुळाचा खडा व पाण्याचा तांब्या ठेवावयाचा, क्षेमकुशल विचारावयाचें तें त्यानंतर, अशी खानदेशांतील जुनी चाल. पाणी पिऊन पाहुणा आंत आला म्हणजे त्याच्या हातीं चहा येऊं लागला, तो पुष्कळ अलीकडे. आणि त्या चहांत बहुधा साखर असे. ओट्यावर गूळ व माजघरांत साखर अशी ही वांटणी झाली कशी, आणि तींत गृहिणीची स्वतःची निवड किती व परिस्थितीची सक्ति किती, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं. आखाजीच्या सांजोऱ्यांचें सारण कालवतांना, कानबाईच्या रोटांचें पुरण शिजवतांना किंवा दिवाळीच्या नानकटाईचें पीठ मळतांना जो हात एका डब्याकडे न जातां दुसऱ्या डब्याकडे जातो, त्याच्यामागें शेत, पाणी, बाजार, सरकार व स्वदेशीचें आंदोलन यांचा दीडशें वर्षांचा इतिहास उभा आहे.

गूळ व साखर हे मुळांत एकाच रसाचे दोन शेवट आहेत. उसाचा रस आटवला कीं प्रथम काकवी होते. ती आणखी आटवून पाक साच्यांत ओतला म्हणजे गुळाची ढेप होते. पाक जरा आधींच उतरवून त्यांत कण धरूं दिले म्हणजे राब तयार होते, आणि राबेंतील मळी निथळून काढली म्हणजे खांडसरी साखर हातीं येते. कारखान्यांत हेंच काम निर्वात भांड्यांत व वेगानें फिरणाऱ्या यंत्रांत होतें. रस स्वच्छ करण्यासाठीं तेथें चुना व गंधकाचा धूर वापरतात, म्हणून साखर शुभ्र निघते व मळी पूर्णपणें वेगळी होते.

ही चढण आपल्या पूर्वजांस चांगली ठाऊक होती. चरकसंहितेंत गुड, मत्स्यंडिका, खंड व शर्करा अशा पायऱ्या सांगितल्या असून, पदार्थ जों जों निर्मळ तों तों तो अधिक शीतल, असा त्या ग्रंथाचा अभिप्राय आहे. तेव्हां शुद्ध करणें म्हणजेच बिघडवणें, ही समजूत जुन्या वैद्यकाच्या आधारानें मांडतां येणार नाहीं. फरक आहे तो निराळ्याच ठिकाणीं. काकवी व गूळ शेताच्या बांधावर होतात. खांडसरीस कांहीं भांडवल व जाणते कारागीर लागतात. दाणेदार साखरेस कारखाना, रेल्वे व कायदा यांचें पाठबळ लागतें. प्रत्येक पायरीस पदार्थ अधिक पांढरा होतो, आणि तो कसा व्हावा हें ठरवण्याचा अधिकार घरापासून व गांवापासून एकेक पायरी दूर जातो. खानदेशाच्या इतिहासांत हें सूत्र विशेष स्पष्ट दिसतें.

खानदेश म्हटला कीं कापूस, ज्वारी व केळी डोळ्यांपुढें येतात. उसाचें नांव सहसा कोणी घेत नाहीं. परंतु सह्याद्रीकडून उतरणाऱ्या पांझरा नदीच्या कांठीं ऊस फार पूर्वींपासून होत आला आहे. तो ज्या व्यवस्थेनें पिके तिला फड पद्धत म्हणतात. नदींत ठिकठिकाणीं दगडी बंधारे घालून पाणी पाटांत वळवीत, आणि बंधाऱ्याखालीं भिजणारी सगळी जमीन तीन किंवा चार फडांत वांटीत. एका फडांत त्या वर्षीं सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें. एकांत ऊस, दुसऱ्यांत गहूं किंवा दुसरें हंगामी पीक, आणि पुढल्या वर्षीं फेरपालट. प्रत्येक खातेदाराची थोडीथोडी जमीन बहुधा प्रत्येक फडांत असे. त्यामुळें उसाचें पाणी एकट्या सधन शेतकऱ्याकडे जात नसे, आणि पाणी कमी पडलें तर तोटाही सर्वांत वांटला जाई. पाणी देण्यास पाटकरी, राखणीस जागल्या व देखरेखीस हवालदार असे नोकर गांवच नेमी, व त्यांचें वेतन पिकाच्या रूपानें देई. उसाचा फड धरावा कीं न धरावा, हें नदीचें पाणी पाहून गांवची मंडळी ठरवीत.

ही व्यवस्था तीनचारशें वर्षांची मानली जाते. १८८० सालीं प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटियरांत जिल्ह्याच्या पश्चिम भागांतील जुन्या बंधाऱ्यांची नोंद आहे. १८८४ सालीं मुंबई सरकारच्या नोकरींत शिरलेल्या मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या या तरुण इंजिनिअराचें आरंभींचें काम याच मुलखांत झालें. धुळ्याच्या पश्चिमेस दातर्ती येथें पांझरेच्या पाटासाठीं नळांचा सायफन त्यांनीं बांधला. पुढें नीरा कालव्यावर त्यांनीं पाणीवांटपाची जी ठोक पद्धत सुरू केली, तींतही एका तुकड्यांतील पिकांची फेरपालट व ठराविक पाणी हींच तत्त्वें होतीं. सांगण्याचें तात्पर्य इतकेंच, कीं खानदेशी गुळाची ढेप ही रानटी काळांतील ओबडधोबड वस्तु नव्हती. तिच्यामागें पाण्याची शिस्त व गांवाची संमति होती.

थंडींत ऊस तोडणीस येई आणि गांवाच्या कडेला गुऱ्हाळ लागे. लांकडी चरक जाऊन लोखंडी चरक आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. पुढें किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांतही उसाचे चरक तयार होऊं लागले. बैलांच्या फेऱ्यांनीं ऊस पिळला जाई, रस काहिलींत उकळे, चुन्याच्या निवळीनें व भेंडीच्या बुळबुळीत रसानें मळी वर येई व ती झाऱ्यानें काढीत. चुलाणांत उसाचींच वाळलेलीं चिपाडें जळत; सरपण बाहेरून आणावें लागत नसे. पाक उतरवण्याचा क्षण गुळव्या ठरवी. थेंब गार पाण्यांत टाकून त्याची गोळी बोटांनीं दाबून पाहण्याखेरीज त्याच्याजवळ दुसरें मोजमाप नव्हतें. शंभर शेर उसामागें साधारण दहा शेर गूळ पडे. गुऱ्हाळावर गेलेल्या पोराला रस फुकट मिळे, शेजाऱ्याला काकवीचें मडकें जाई, आणि ढेप कोणत्या फडांतील उसाची आहे हें घरांतल्या बाईस ठाऊक असे. गुळाची खरी ओळख ही. घेणाऱ्यास करणारा दिसत होता.

खानदेशी स्वयंपाक या गुळावर पोसला गेला. खापरावरची पुरणपोळी ही त्याची सर्वांत अवघड परीक्षा. कणीक सैल तिंबून, पुरण भरून, दोन्ही हातांवर तोलत ती सुपाएवढी वाढवावयाची व पालथ्या खापरावर टाकावयाची. पुरण जरा कोरडें असलें तर ती फाटते, जरा सैल असलें तर गळते. गूळ ओलावा धरून ठेवतो, म्हणून गुळाचें पुरण मऊ राहतें. श्रावणांत कानबाईच्या रोटांसाठीं घरांतील माणसें मोजून सव्व्याच्या मापानें गहूं घेतात, आणि त्या जेवणांत पुरणपोळी व खीर यांचा मान असतो. अक्षयतृतीयेस, म्हणजे आखाजीला, सासुरवाशिणी माहेरीं येतात. त्यांच्यासाठीं सांजोऱ्या, पुरणपोळी व आमरस असा बेत असतो. या साऱ्या पदार्थांत गूळ शिरला तो कोणाच्या उपदेशामुळें नव्हे. तो हाताशी होता, आणि त्याचा स्वभाव बायकांनीं पिढ्यान्पिढ्या ओळखून ठेवला होता.

साखर पूर्वीं मुळींच नव्हती असें नाहीं. देवाच्या नैवेद्यास खडीसाखर, औषधास साखर, श्रीमंतांच्या पंक्तीस साखरभात हें चालू होतेंच. परंतु ती महाग व दुर्मिळ असे, आणि म्हणूनच मानाची गणली जाई. लग्न ठरल्याच्या समारंभास साखरपुडा म्हणतात, गूळपुडा म्हणत नाहींत, यांतच तो मान दिसतो. हा मान कायम राहून किंमत मात्र उतरली, तेव्हां साखरेनें घरांत पाऊल टाकलें. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें १८१८ नंतर धुळें हें खानदेशचें मुख्य ठिकाण करून तेथें नवी पेठ वसवली. मुंबई-आग्रा रस्ता शहरावरून गेला. आणि १९०० सालीं चाळीसगांव-धुळें हा रेल्वेचा फांटा सुरू झाला. मुंबई बंदरांत उतरलेला माल आतां थेट धुळ्याच्या पेठेंत येऊं लागला. त्या मालांत मॉरिशस व जावा येथील उसाची साखर होती, तशीच जर्मनी व ऑस्ट्रिया येथील बीटाची साखरही होती. त्या सरकारांनीं आपल्या कारखानदारांना निर्यातीसाठीं बक्षिशी दिल्यामुळें ती साखर अस्वाभाविक स्वस्त पडे. १८९९ सालीं हिंदुस्थान सरकारला तिच्यावर खास जकात बसवावी लागली. पुढें जावाची साखर बाजारांत पहिल्या नंबरावर आली, आणि १९२९-३० च्या सुमारास परदेशी साखरेची वार्षिक आयात जवळजवळ दहा लाख टनांवर गेली.

दरम्यान १९०५ सालीं वंगभंगाच्या निमित्तानें स्वदेशीची चळवळ पेटली, आणि परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरही बहिष्कारांत आली. महाराष्ट्रांतील सुशिक्षित घरांत या बहिष्काराला धर्माचेंही बळ मिळालें. युरोपांतील कारखान्यांत साखर पांढरी करण्यासाठीं हाडांचा कोळसा वापरतात, ही बातमी खरीच होती. जुन्या पद्धतींत रस निवळण्यासाठीं जनावरांचें रक्त वापरल्याचीही उदाहरणें होतीं. सोवळ्याच्या स्वयंपाकांत अशी वस्तु जाणें म्हणजे अनर्थच. त्यामुळें पुष्कळ घरांतील बायकांनीं विलायती साखर बंद करून नैवेद्यास गूळ धरला. सभांमधून पुरुष ठराव करीत होते, पण तो ठराव रोज पाळावयाचा असे स्वयंपाकघरांत. साखरेचा डबा रिकामा ठेवणें हें बायकांचें राजकारण होतें, आणि त्याची नोंद वर्तमानपत्रांत क्वचितच झाली.

मात्र या युक्तिवादांत एक दुबळा सांधा होता, आणि तो लवकरच उघडा पडला. साखर परदेशी व अपवित्र म्हणून टाकावयाची असेल, तर ती स्वदेशी व निर्दोष झाली म्हणजे काय करावयाचें? १९३२ सालीं साखरधंद्यास संरक्षण देणारा कायदा झाला व परदेशी साखरेवर जबर जकात बसली. १९३१-३२ सालीं देशांत आधुनिक साखर कारखाने सुमारें ३२ होते. तीन वर्षांत ते सुमारें १३० झाले, आणि थोड्याच काळांत आयात जवळजवळ थांबली. खानदेशच्या शेजारीं, मालेगांव तालुक्यांत मोसम नदीच्या खोऱ्यांत, वालचंद हिराचंद यांचा रावळगांवचा कारखाना १९३३ सालीं उभा राहिला. तेथें पुढें साखरेच्या गोळ्याही होऊं लागल्या व त्यांनीं महाराष्ट्रांतील मुलांच्या दोन-तीन पिढ्या आपल्याशा केल्या. या कारखान्यांत हाडांचा कोळसा नव्हता. रस गंधकाच्या धुरानें निवळत होता. साखर आतां स्वदेशी होती, शुद्ध होती आणि स्वस्तही होती. ज्यांनीं केवळ परकीपणासाठीं ती टाकली होती, त्यांना ती परत घेण्यास कोणतीच अडचण राहिली नाहीं. याच वर्षांत चहाच्या प्रचारकांनीं गांवोगांवीं चहा करून दाखवण्यास आरंभ केला, आणि चहाबरोबर साखर दररोजची झाली.

गुळाची बाजू नव्यानें मांडण्याचें काम मग महात्मा गांधींनीं केलें. डिसेंबर १९३४ मध्यें वर्धा येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस होते. हातसडीचे तांदूळ, घाणीचें तेल व गूळ हीं त्या संघाचीं मुख्य सूत्रें. साखर परदेशी आहे असें आतां म्हणतां येत नव्हतें. म्हणून प्रश्न असा विचारला गेला, कीं गांवांत होणारें काम गांवाबाहेर गेल्यानें गांवाचें काय होतें? ढेप घेतली तर पैसा गुळव्याला, बैलवाल्याला व शेतकऱ्याला जातो. पोतें घेतलें तर तो कारखान्याच्या भागधारकाला जातो. गुळांत साखरेपेक्षां कांहीं अधिक पोषण आहे, हा मुद्दाही 'हरिजन' पत्रांतून मांडला गेला. दोन वर्षांनीं, डिसेंबर १९३६ मध्यें, काँग्रेसचें अधिवेशन प्रथमच एका खेड्यांत भरलें, तें खानदेशांतील फैजपूर येथें. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि अधिवेशनास जोडून ग्रामोद्योगांचें प्रदर्शन भरवलें होतें. साने गुरुजींनीं या अधिवेशनासाठीं खेडोपाडीं प्रचार केला. ज्या मुलखांत गूळ नित्याचा, त्याच मुलखांत ग्रामोद्योग हें राष्ट्रकार्य म्हणून मांडलें जावें, यांत कांहीं अभिमान होता व कांहीं विषादही. घरांत असलेली वस्तु प्रदर्शनांत ठेवण्याची वेळ येते, तेव्हां ती घरांतून निघूं लागलेली असते.

दुसऱ्या महायुद्धानें ही गोष्ट आणखी पुढें नेली. १९४२ सालीं साखरेवर व पाठोपाठ गुळावरही सरकारी नियंत्रण आलें. डिसेंबर १९४७ मध्यें गांधीजींच्या आग्रहामुळें साखरेचें नियंत्रण उठलें आणि १९४९ सालीं तें पुन्हां बसलें. पुढें अनेक दशकें शिधापत्रिकेवर सरकारी दरानें साखर मिळत राहिली. कारखान्यांकडून त्यासाठीं ठराविक हिस्सा लेव्ही म्हणून घेण्याची पद्धत २०१३ सालीं बंद झाली. या व्यवस्थेमागें गरिबांस गोड मिळावें हा हेतु चांगला होता. पण तिचा परिणाम ध्यानांत घेण्यासारखा आहे. सरकारनें स्वस्त दरानें जी वस्तु दिली ती साखर. गुळाला तशी जागा मिळाली नाहीं. रांगेंत उभें राहून आणलेली पांढरी साखर डब्यांत आणि ती संपली कीं गूळ, अशी गौण पदवी गुळास मिळाली. निवड घरानें केली असें दिसत होतें. तराजूचें पारडें मात्र आधींच झुकलेलें होतें.

उसाच्या शेतकऱ्याचीही बाजू पाहिली पाहिजे. गुऱ्हाळाचें काम रात्रंदिवसाचें व जिकिरीचें. गुळाचा भाव आज चढला तर उद्यां कोसळे, आणि पावसाळ्यांत गूळ पाझरून नुकसान होई. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नानें उभा राहून १९५०-५१ च्या हंगामांत चालूं लागला, तेव्हां शेतकरी स्वतःच कारखान्याचा मालक झाला. भागधारकाला पैसा जातो, हा जुना आक्षेपही त्यामुळें सौम्य झाला. खानदेशांतही सहकारी कारखाने निघाले. साक्री तालुक्यांत पांझरा-कान हा त्यांपैकीं एक. पण कोरडवाहू मुलखांतील पाण्याची ओढ, कर्जाचा बोजा व उसाची टंचाई यांपुढें सर्वांस टिकाव धरतां आला नाहीं. पांझरा-कान कारखानाही अनेक वर्षें बंद राहिला. इकडे नदीच्या वरच्या अंगास धरणें झालीं, विहिरींवर विजेचे पंप बसले, ज्याचें पाणी त्याचें पीक असा व्यवहार आला आणि फड पद्धत आकसत गेली. कांहीं बंधाऱ्यांखालीं ती अद्याप जिवंत आहे. जेथें ती गेली तेथें केवळ ऊस गेला नाहीं. यंदा ऊस किती धरावा हें एकत्र बसून ठरवण्याची संवयही गेली.

आतां पुन्हां वारें फिरलें आहे. धुळें-जळगांवच्या शहरांतील घरांत साखरेविषयीं भीति व गुळाविषयीं प्रेम वाढलें आहे. गव्हाच्या पिठाचा व गुळाचा केक घरच्या भट्टींत भाजला जातो, नानकटाईलाही गूळ घातला जातो. हें स्वागतार्ह आहे; पण १९०५ सालीं झाली तशी चूक पुन्हां होऊं नये. अर्धवट कारणावर उभारलेली निष्ठा फार दिवस टिकत नाहीं. गूळ म्हणजे औषध, ही आजची समजूत तशीच अर्धवट आहे. गुळांत साधारण ६५ ते ८५ टक्के साखरच असते; उरलेल्या भागांत फळशर्करा व द्राक्षशर्करा, पाणी आणि थोडे क्षार असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांप्रमाणें १०० ग्रॅम गुळांत लोह पांच मिलिग्रॅमांहून कमी भरतें. एका पुरणपोळींत २० ग्रॅम गूळ धरला, तर त्यांतून मिळणारें लोह एक मिलिग्रॅमही होत नाहीं. प्रौढ स्त्रीची रोजची गरज सुमारें २९ मिलिग्रॅम सांगितली आहे. मधुमेह असणाऱ्यास तर गूळ व साखर यांत फारसा भेद करतां येत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं वरून घातलेल्या गोडाची जी मर्यादा सांगितली, ती एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आंत राहण्याची आहे, आणि त्या हिशेबांतून गूळ सुटत नाहीं.

दुसरी सावधगिरी डोळ्यांची. शहरी गिऱ्हाइकास गूळही पिवळाधमक हवा असतो. म्हणून कित्येक गुऱ्हाळांत काहिलींत हायड्रोस नांवाची गंधकयुक्त भुकटी टाकतात. गूळ तात्पुरता उजळतो व पुढें पुन्हां काळवंडतो. गुळांत गंधकाच्या वायूचा अंश दहा लाखांत ७० भागांहून अधिक असूं नये असा नियम आहे, तो याच कारणानें. साखरेचा पांढरेपणा टाकून गूळ घ्यावयाचा आणि गुळांतही पांढरेपणाच शोधावयाचा, हा व्यवहार विचित्र आहे. तांबूस-तपकिरी, जरा ओबडधोबड दिसणारी ढेप बहुधा अधिक प्रामाणिक असते. तपकिरी साखरेचेंही असेंच आहे. बाजारांतील पुष्कळशी तपकिरी साखर म्हणजे शुद्ध केलेल्या पांढऱ्या साखरेलाच पुन्हां मळीचा हात दिलेला असतो. पायरी उतरल्याचा भास होतो. पाय जागच्या जागींच असतो. खांडसरी किंवा काकवी मिळाली, तर ती मात्र खरोखर खालच्या पायरीची वस्तु होय.

मग गूळ घ्यावयाचा तो कशासाठीं? पहिलें कारण चवीचें. साखर नुसती गोड असते. गुळाला वास, खारटपणाची किंचित् झांक व रंग असतो, म्हणून थोड्या गोडांत पदार्थ भरल्यासारखा लागतो. दुसरें कारण गुळाच्या स्वभावाचें. गुळांतील फळशर्करा ओलावा सोडीत नाहीं. गुळाचा केक दुसऱ्या दिवशीं अधिक मऊ लागतो. मात्र साखरेच्या जागीं गूळ घालतांना कांहीं पथ्यें पाळलीं पाहिजेत. तुपांत फेसतांना साखरेचे कण जी हवा धरतात, ती गूळ धरीत नाहीं. म्हणून तो बारीक किसून किंवा कोमट पाण्यांत विरघळवून व गाळून घ्यावा, आणि पातळ घटक तितके कमी करावे. गूळ किंचित् आंबट असतो; खाण्याचा सोडा त्याच्याशीं चांगला जुळतो, पण उकळत्या दुधांत गूळ टाकला तर दूध फाटतें. म्हणून गुळाची खीर खालीं उतरवून जरा निवाली म्हणजे मग गूळ घालावयाचा, ही जुनी शिकवण खरी आहे. गुळाचे पदार्थ लवकर करपतात. आंच मंद हवी. नानकटाईचा खुसखुशीतपणा कांहीं अंशीं साखरेमुळें येतो. तेथें संपूर्ण गूळ घातला तर ती मऊ पडते. तेथें निम्मी साखर ठेवण्यांत कमीपणा मानूं नये. चांगल्या गृहिणीनें या गोष्टी कधींच अनुभवानें जाणल्या होत्या. तिनें सांजोरीला एक गोड निवडलें, लाडवाला दुसरें; तिच्या निवडींत पदार्थाचा विचार होता, पक्षाभिमान नव्हता.

तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें, आणि पांझरेच्या फडांनीं तेंच शिकवलें आहे. ढेपेमागें कोण आहे हें अद्याप विचारतां येतें. हा गूळ कोणत्या गुऱ्हाळांतला, त्यांत काय घातलें, ऊस कोणाचा, हे प्रश्न वाण्याला किंवा शेतकऱ्याला विचारतां येतात आणि उत्तर न आवडल्यास दुसरीकडे जातां येतें. साखरेच्या दाण्याला असा प्रश्न विचारण्याची सोय उरलेली नाहीं. शिवाय ऊस हें तहानलेलें पीक आहे, आणि खानदेशांत पाणी थोडें आहे. पाटाच्या पाण्याकडे पाहून ऊस किती धरावा हें ठरवणाऱ्या त्या गांवकऱ्यांना ही मर्यादा समजली होती. गोड थोडें करावें, सणाचें करावें, आणि केलें तें चांगलें करावें, ही खानदेशी घरांची जुनी रीत त्याच मर्यादेंतून आली होती. गूळ कीं साखर या प्रश्नाचें अर्धें उत्तर किती या प्रश्नांतच आहे.

आखाजीचा दिवस येतो. माहेरवाशिणी झोका घेतात, माजघरांत सांजोऱ्यांचें सारण तयार होतें. आजीच्या घरीं तें गुळाचें होतें, आईच्या घरीं रेशनच्या साखरेचें झालें, आणि मुलीच्या घरीं तें पुन्हां गुळाचें होऊं पाहत आहे. आजीला दुसरा पर्याय नव्हता, आईला स्वस्ताईनें ओढून नेलें. मुलीच्या हातीं मात्र दोन्ही डबे आहेत. ढेप फोडण्यापूर्वीं ती कोठली आहे एवढें तिनें विचारलें, तर पांझरेच्या कांठच्या जुन्या गुऱ्हाळांचा वारसा तिच्या स्वयंपाकघरांत चालू राहील.